प्रत एक, माल दुसरा : खोट्या प्रतवारीची तक्रार कशी करावी

एका उन्हाळ्यात मी हापूसचा दोन डझनांचा खोका घेतला. झाकणावर ठळक अक्षरांत ‘निर्यात दर्जा’ आणि त्याखाली ‘प्रति फळ २५० ग्रॅमहून अधिक’ असे छापलेले होते. घरी वरच्या थरातली बारा फळे काट्यावर ठेवली, तेव्हा एकही २५० ग्रॅमच्या खाली भरले नाही. मधले गवत बाजूला करून खालचा थर काढला, तर बारांपैकी नऊ फळे १७० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान भरली आणि दोन फळांच्या देठाशी काळा डाग होता. दुसऱ्या दिवशी तक्रार लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याशी अडलो. पावतीवर दुकानदाराने ‘आंबा २ डझन’ एवढेच लिहिले होते आणि खोका रद्दीत गेला होता. फळे हातात होती, पण ती कोणत्या दाव्याने विकली गेली हे दाखवणारे काहीच उरले नव्हते.

माझ्या पाहण्यातल्या प्रतवारीच्या बहुतेक तक्रारी अशाच विरतात. कायदे पुरेसे आहेत, काही ठिकाणी तर गरजेपेक्षा जास्त आहेत. पण छापलेला शब्द, लॉट क्रमांक, पावती आणि प्रत्यक्ष माल या चार गोष्टी एकमेकींशी जोडून दाखवता आल्या नाहीत, तर कोणताही अधिकारी पुढे फार काही करू शकत नाही. म्हणून कार्यालयांच्या पत्त्यांपेक्षा या जोडणीवर येथे अधिक भर दिला आहे. खरेदी करतानाच पाळायची सवय एकच आहे : दुकानदार जी प्रत सांगतो आणि जिच्यासाठी जास्त पैसे घेतो, ती प्रत पावतीवर लिहून घ्यावी. ‘हापूस, देवगड, पहिली प्रत, २४ नग’ एवढे लिहायला त्याला अर्धे मिनिट पुरते, आणि लिहायला तो का-कू करू लागला तर माल घेण्याआधीच बरेच काही कळून जाते.

छापलेला शब्द कोणत्या जातीचा आहे, ते आधी ठरवा

वेष्टनावरचे सगळे भारदस्त शब्द कायद्याच्या दृष्टीने सारखे नसतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात आणि तक्रार कोणाकडे करायची हे त्यावरून ठरते.

पहिला प्रकार म्हणजे ॲगमार्कची प्रत. ‘कृषी उत्पादन (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियम, १९३७’ या कायद्याखाली केंद्र सरकार शेतमालाच्या प्रती ठरवून देते आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाचे विपणन व निरीक्षण संचालनालय त्यांची अंमलबजावणी करते. या संचालनालयाचे मुख्यालय फरिदाबादला आहे, तर शाखा मुख्यालय आणि केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा आपल्या नागपुरात आहेत; मुंबईत प्रादेशिक कार्यालय आहे. ॲगमार्क बहुतांशी ऐच्छिक आहे. म्हणजे खोक्यावर ॲगमार्क नसणे हा गुन्हा नव्हे, पण चिन्ह लावल्यावर आतला माल त्या प्रतीचा असणे बंधनकारक ठरते. ताज्या फळभाज्यांसाठी ‘एक्स्ट्रा क्लास’, ‘क्लास वन’ आणि ‘क्लास टू’ अशा प्रती आहेत. मधासाठी ‘स्पेशल’, ‘ए’ आणि ‘स्टँडर्ड’, तर डाळींसाठी ‘स्पेशल’, ‘स्टँडर्ड’ आणि ‘जनरल’ अशा वेगळ्या पायऱ्या आहेत. मधाच्या बाटलीवर ‘स्टँडर्ड’ हा शब्द पाहून अनेकांना माल उत्तम असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती तिथली शेवटची पायरी आहे. ते खोटे लेबल नव्हे, आपले वाचन कच्चे आहे, आणि त्यावर तक्रार होत नाही.

दुसरा प्रकार भौगोलिक मानांकनाच्या नावांचा. २०१८ मध्ये ‘हापूस’ला हे मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यापुरते आहे. नागपूरची संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जळगावची केळी, लासलगावचा कांदा आणि गोव्याचा मानकुराद ही नावेही अशीच नोंदलेली आहेत. ही प्रत नव्हे, उगम आहे. मात्र बाजारात उगमाचे नाव प्रतीसारखेच वापरले जाते आणि भावातला फरकही त्याच नावावर पडतो, म्हणून त्याचा विचार येथे करावा लागतो.

तिसरा प्रकार व्यापारी बोलीचा : ‘एक नंबर’, ‘निर्यात दर्जा’, ‘प्रीमियम’, ‘स्पेशल सिलेक्शन’. यांची व्याख्या कुठल्याही नियमात नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये फळांवरच्या चिकटपट्ट्यांबद्दल सूचना काढली, तेव्हा ‘टेस्टेड ओके’, ‘बेस्ट क्वालिटी’ अशा चिकटपट्ट्या आपल्याकडे माल भारी दिसावा म्हणून, आणि कधी कधी फळावरचा डाग झाकण्यासाठीही, लावल्या जातात असे स्पष्ट म्हटले होते. परदेशी सफरचंदावर किंवा किवीवर दिसणारा चार आकडी क्रमांकही प्रत दाखवत नाही. तो फळाचा प्रकार सांगणारा, दुकानाच्या गल्ल्यावर वापरायचा संकेत असतो.

तिसऱ्या प्रकारातल्या शब्दांवर काहीच करता येत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात माल विशिष्ट दर्जाचा, गुणवत्तेचा, प्रमाणाचा किंवा प्रतीचा असल्याचे खोटे भासवणे याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ते विधान तोंडी असले तरी चालते. फरक मोजमापाचा आहे. ‘साखरेसारखा गोड’ ही विक्रेत्याची बडबड झाली आणि तिच्यावर भांडण्यात अर्थ नाही. ‘प्रति फळ २५० ग्रॅमहून अधिक’ हे काट्यावर तपासता येणारे विधान आहे. तक्रार नेहमी अशा मोजता येणाऱ्या शब्दावर उभी करावी.

ॲगमार्क खरा की नुसता छापलेला

ॲगमार्कच्या चिन्हासोबत मालाचे नाव, प्रत आणि वेष्टनकर्त्याला दिलेल्या प्राधिकार प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. त्याशिवाय लॉट किंवा बॅच क्रमांक, वेष्टनाची तारीख, निव्वळ वजन किंवा नगांची संख्या आणि वेष्टनकर्त्याचे नाव व पत्ता हा तपशील वेष्टनावर हवा. यातला प्राधिकार क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल, खोडलेला असेल किंवा दुसऱ्याच मालाचा असेल, तर प्रश्न प्रतीचा राहत नाही, तो चिन्हाच्या अनधिकृत वापराचा होतो. आणि हे सिद्ध करायला आतला माल तपासण्याचीही गरज पडत नाही. क्रमांक व वेष्टनकर्त्याचे नाव कळवून संचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विचारणा केली, तर ते प्रमाणपत्र चालू आहे का आणि त्याच मालासाठी आहे का, हे पडताळता येते. माझा सल्ला असा की, माल मोजायला बसण्याआधी ही विचारणा करावी, कारण कित्येकदा प्रकरण इथेच उलगडते.

क्रमांक खरा असेल, तर पुढचा प्रश्न ‘चुकीच्या प्रतीच्या’ मालाचा. १९३७ च्या कायद्यानुसार माल लावलेल्या प्रतीच्या गुणवत्तेचा नसेल, चिन्ह लावल्यानंतर त्याची घडण बदलली असेल, त्यात कसलीही छेडछाड झाली असेल किंवा लेबलवर अथवा जाहिरातीत प्रतीविषयी खोटा दावा केला असेल, तर तो माल चुकीच्या प्रतीचा मानला जातो. यातला दुसरा मुद्दा घाऊक बाजारात विशेष उपयोगी पडतो. बांधावर नीट भरलेली पेटी मधल्या हाताने उघडून खालचा थर बदलणे, ज्याला बोलीभाषेत पेटी ‘फिरवणे’ म्हणता येईल, ते या व्याख्येत थेट बसते आणि मूळ वेष्टनकर्त्यावरचा आळही त्यामुळे टळू शकतो. तक्रारीत म्हणूनच खोक्याची पट्टी, टाचण्या किंवा चिकटफीत मूळची होती की दुबार लावलेली दिसत होती, याची नोंद जरूर करावी.

आता मोजणी. प्रत म्हणजे प्रत्येक फळ निर्दोष, असे कायदाही मानत नाही. फळभाज्यांच्या नियमांत ‘एक्स्ट्रा क्लास’साठी संख्येने किंवा वजनाने ५ टक्के आणि ‘क्लास वन’साठी १० टक्के माल त्या प्रतीत न बसणारा, पण त्याखालच्या प्रतीत बसणारा असला तरी चालतो, आकारमानासाठीही साधारण १० टक्क्यांची सूट धरलेली असते. चोवीस फळांच्या खोक्यात ‘क्लास वन’ लिहिले असेल आणि दोन फळे उणी निघाली, तर तक्रार टिकणार नाही. माझ्या खोक्यासारखी नऊ निघाली, तर ती सुटीच्या कितीतरी पलीकडे गेली. सगळा खोका न मोजता केवळ वाईट फळांची छायाचित्रे पाठवणाऱ्या तक्रारी याच कारणाने परत येतात : अधिकाऱ्याला टक्केवारी काढायला एकूण आकडा लागतो.

ताजे फळ पिकते, सुकते आणि वजनाला उतरते. खरेदीनंतर चार दिवसांनी केलेल्या वजनाला अर्थ नाही. तसेच हापूसमधला साका, म्हणजे गराचा आतून होणारा बिघाड, कापल्याशिवाय दिसत नाही आणि तो बाहेरून ओळखता न येणारा दोष असल्याने, वेष्टन करणाऱ्याने फसवले असे त्यावरून लगेच म्हणता येत नाही. अशा प्रकरणी दुकानदाराकडून फळ बदलून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

पुरावा गोळा करताना

खोका उघडण्याआधी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. लेबलचे छायाचित्र इतके जवळून हवे की लॉट क्रमांक वाचता येईल. मोबाइलवर एक सलग चित्रफीत करावी, जिच्यात बंद खोका, तो उघडणे, वरचा थर, खालचा थर आणि काट्यावरचे वजन न तोडता दिसेल. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा प्राथमिक नोंदीला पुरतो. तो बरोबर दाखवतो हे दिसावे म्हणून सुरुवातीला त्यावर एक किलोची बंद पिशवी, मिठाची किंवा साखरेची, ठेवून दाखवावी. एका कागदावर फळांना एक ते चोवीस क्रमांक देऊन प्रत्येकापुढे वजन व दोष लिहावा, आणि घरातल्या नसलेल्या दोन व्यक्तींच्या त्यावर तारखेसह सह्या घ्याव्यात. शेजारचे काका आणि इमारतीचा रखवालदार एवढ्यावर भागते. खोका, आतले गवत, कागद, चिकटपट्ट्या यांतले काहीही टाकू नये.

हळद, तिखट, मध, डाळी, बेदाणे यांसारख्या टिकाऊ मालाची गोष्ट निराळी, आणि तक्रारदाराच्या दृष्टीने सोपी. एकाच बॅचची दोन पाकिटे घ्यावीत. एक उघडून पाहावे, दुसरे अजिबात उघडू नये. शंका आली की बंद पाकीटच अधिकाऱ्याच्या किंवा ग्राहक आयोगाच्या हाती द्यावे, कारण उघडलेल्या पाकिटातल्या मालावर ‘हा आमचा कशावरून?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो आणि त्याला समाधानकारक उत्तर नसते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० मध्ये ग्राहकाला स्वतःच नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क दिलेला आहे. अट अशी की, हा माल मी तपासणीसाठी पाठवणार आहे, हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. शुल्क ग्राहकाने भरायचे असते. नमुना मानकांच्या विरुद्ध निघाला तर ते परत मिळण्याची तरतूद आहे. ज्याच्यावर आधीच संशय आहे अशा दुकानातून दुसऱ्यांदा खरेदी करताना या कलमाचा चांगला उपयोग होतो. पण एक मर्यादा ध्यानात ठेवावी. प्रयोगशाळा हळदीतला स्टार्च किंवा मधातली आर्द्रता सांगू शकते. द्राक्षाचा घड ‘एक्स्ट्रा’ की ‘क्लास वन’ हे पाहणीचे आणि मोजणीचे काम आहे. विश्लेषकाच्या अहवालासाठी कायद्याने चौदा दिवस धरलेले आहेत आणि तेवढ्यात स्ट्रॉबेरीचा लगदा झालेला असतो.

कोणत्या दारावर जावे

ॲगमार्कचे चिन्ह असेल, तर विपणन व निरीक्षण संचालनालय हे पहिले ठिकाण. त्यांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना आवारात प्रवेश करण्याचे, तपासणीचे आणि माल जप्त करण्याचे अधिकार १९३७ च्या कायद्यातच आहेत, आणि वेष्टनकर्त्याचे प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द करता येते. माझ्या मते व्यापाऱ्याला दंडापेक्षा या कारवाईची धास्ती जास्त असते, कारण प्रमाणपत्र गेले की मोठ्या खरेदीदारांकडे आणि निर्यातीत त्याचे दार बंद होते. बनावट चिन्हासाठी पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने कैद काढून त्या जागी आठ लाख रुपयांच्या शास्तीची तरतूद केली. कैद गेल्याने कायदा मऊ झाला अशी टीका झाली. मला ती तितकीशी पटत नाही, कारण पाच हजारांचा दंड एका टेम्पोच्या भाड्यात निघून जात असे.

ॲगमार्क नसेल, पण लेबलवर खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा असेल, तर राज्याचे अन्न व औषध प्रशासन. २००६ च्या कायद्यात असा माल ‘मिथ्याछाप’ ठरतो आणि कलम ५२ प्रमाणे तीन लाख रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ मध्ये ती दहा लाखांपर्यंत आहे. महाराष्ट्रात प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, आणि केंद्रीय प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सुविधेवरही तक्रार नोंदवता येते. एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. नैसर्गिक स्वरूपातला शेतमाल शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत या कायद्याच्या ‘प्राथमिक अन्ना’त मोडत नाही, तो व्यापाऱ्याकडे गेला की मोडतो. रस्त्याकडेला आपल्याच बागेतले पेरू विकणाऱ्या बाईंवर या कायद्याखाली तक्रार करण्यात अर्थ नाही, आणि खरे सांगायचे तर ती करूही नये.

‘हापूस’ किंवा ‘देवगड’ या नावाने दुसरीकडचा आंबा विकला जात असेल, तर १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा लागू होतो. मानांकनाचे खोटे नाव लावणे आणि असा माल विकणे यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती व जप्ती करता येते, मात्र त्याआधी भौगोलिक मानांकनाच्या निबंधकाचे मत घ्यावे लागते आणि ती नोंदणी कचेरी चेन्नईला आहे. यामुळे एकट्या ग्राहकासाठी हा मार्ग लांबचा पडतो. त्यापेक्षा संबंधित उत्पादक संघाला कळवणे अधिक उपयोगी, कारण नावाचा हक्क त्यांचा असतो आणि नुकसानही त्यांचेच होत असते. देवगडच्या उत्पादकांनी अलीकडे फळांवर एकमेव क्रमांकाच्या, काढल्यास फाटणाऱ्या चिकटपट्ट्या लावायला सुरुवात केली आहे. अशी पट्टी असेल, तर तिचा क्रमांक पडताळूनच पुढे जावे. कर्नाटकातही त्याच जातीचा आंबा पिकतो आणि तो ‘कर्नाटकचा’ म्हणून विकण्यात काहीही गैर नाही. सालीच्या जाडीवरून किंवा वासावरून मी कोकणचा आंबा ओळखतो, असे म्हणणारे प्रत्येक घरात एक तरी आजोबा असतात, पण त्यांचे नाक हा तक्रारीचा आधार होऊ शकत नाही. खोक्यावरचा पत्ता, पट्टीवरचा क्रमांक आणि पावतीवरचे नाव, हे तीन आधार.

बंद वेष्टनातले वजन किंवा नग कमी भरले, किंवा वेष्टनकर्त्याचा पत्ताच छापलेला नसला, तर प्रकरण वैधमापन शास्त्र विभागाचे. प्रत आणि वजन दोन्ही खोटे असतील, तर दोन वेगळे अर्ज करावेत. एकत्र केलेला अर्ज दोन कार्यालयांमध्ये टोलवला जाण्याची शक्यता फार.

अर्ज कसा लिहावा

अर्जात संताप नको, आकडे हवेत. एक नमुना देतो. ‘मी दिनांक अमुक रोजी अमुक येथील दुकानातून, पावती क्रमांक अमुक अन्वये, ॲगमार्क चिन्ह व ‘क्लास वन’ ही प्रत छापलेला २४ फळांचा खोका विकत घेतला. वेष्टनावर प्राधिकार क्रमांक, लॉट क्रमांक व वेष्टनाची तारीख अशी आहे. त्याच दिवशी सायंकाळी सोबत सही केलेल्या दोन साक्षीदारांसमक्ष खोका उघडला असता २४ पैकी ९ फळे वेष्टनावर नमूद केलेल्या किमान वजनापेक्षा कमी भरली व २ फळांवर देठाशी डाग आढळले. फळनिहाय नोंद, छायाचित्रे व चित्रफीत सोबत जोडली आहे. मूळ वेष्टन माझ्याकडे सुरक्षित आहे. सदर लॉटमधील विक्रेत्याकडे शिल्लक असलेल्या मालाची तातडीने पाहणी करून योग्य ती कारवाई करावी आणि तिचा निष्कर्ष मला लेखी कळवावा, ही विनंती.’

यातले ‘शिल्लक असलेल्या मालाची तातडीने पाहणी’ हे शब्द वगळू नयेत. आपण खाल्लेल्या आंब्यावर खटला उभा राहत नाही. दुकानात असलेल्या त्याच लॉटच्या खोक्यांवर राहू शकतो. म्हणून नाशवंत मालाची तक्रार त्याच दिवशी दूरध्वनीवर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि लेखी अर्ज दुसऱ्या दिवशी द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कोणत्या तारखेला पाहणी झाली व तिचा अहवाल काय’ एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे आणि, माझा अनुभव असा की, हा अर्ज पडला की मूळ तक्रारीची फाईल सापडते.

पैसे परत हवे असतील, तर

वर सांगितलेली कार्यालये व्यापाऱ्याला शास्ती करतात. तुमचे पैसे मिळवून देणे हे त्यांचे काम नाही. त्यासाठी आधी विक्रेत्याला लेखी कळवावे. माल ऑनलाइन घेतला असेल, तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तिथे विक्रीच्या पानाचे छायाचित्र खरेदीच्या दिवशीच घेऊन ठेवावे, कारण ‘ए ग्रेड’ हा शब्द तक्रारीनंतर पानावरून नाहीसा होताना मी पाहिला आहे. तोडगा निघाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज ‘ई-जागृती’ या संगणकीय प्रणालीवरून करता येतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिने अपेक्षिले आहेत, परंतु त्याहून अधिक वेळ लागेल असे धरूनच जावे. हजार-दीड हजाराच्या खोक्यासाठी एवढे करावे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दहा खोके भेटीसाठी घेतले असतील, तर मी करीन. पावती न देणे हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा मानलेली आहे, ही गोष्ट दुकानात उभे असतानाच सांगावी.

पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा किरकोळ दुकानदार या कायद्याच्या अर्थाने ग्राहक नाही. त्याला १९३० चा माल विक्री कायदा आधार देतो : नमुना दाखवून विक्री झाली असेल, तर सगळा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे. सौदा करताना उघडून दाखवलेल्या पेटीचे छायाचित्र त्याने स्वतःपाशी ठेवावे. व्यवहार बाजार समितीच्या आवारात झाला असेल, तर माल, वजन किंवा रक्कम यांवरचा वाद समितीपुढे नेता येतो.

हाच मार्ग शेतकऱ्यालाही खुला आहे, आणि त्याच्या बाबतीत प्रत उलट्या दिशेने खोटी ठरवली जाते. पाठवलेला कांदा उन्हाळ, मोठ्या आकाराचा, निवडून भरलेला; आणि आडत्याकडून हाती येणाऱ्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर, त्यातला तिसरा हिस्सा ‘गोल्टी’ (लहान कांदा) म्हणून निम्म्या भावाने लावलेला. अशा वेळी माल भरतानाच प्रत्येक प्रतीच्या गोण्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी गाडीवाल्याच्या सहीने दोन प्रतींत करावी, एक गाडीबरोबर पाठवावी आणि एक स्वतःजवळ ठेवावी. पट्टी आणि चिठ्ठी यांत तफावत दिसली, तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी; आडत्याचा परवाना निलंबित करण्याचा अधिकार समितीकडे असतो. समितीने दाद दिली नाही, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाता येते. मात्र २०१६ पासून फळे व भाजीपाला आवाराबाहेरच्या व्यवहारांपुरता नियमनमुक्त झालेला असल्यामुळे, थेट शेतावर येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या बाबतीत समिती हात वर करते. तिथे गाडी भरण्याआधी प्रत, गोण्यांची संख्या आणि ठरलेला भाव व्यापाऱ्याच्या मोबाइलवर संदेशाने पाठवून त्याचा होकार घ्यावा आणि मगच गाडी हलू द्यावी.